वर कुणी राहत नाही

“खिडकी आधी काढ हो. माणूस मागनं.”

सासूबाईंचा आवाज शेवटच्या दिवसांत पार बारीक झाला होता, पण एवढं त्यांनी खणखणीत सांगितलं होतं. त्यांची मावसबहीण भागुबाई त्यांचं आजारपण काढायला निपाणीहून बेंगळूरला आली होती. ती आता परत जाणार नव्हती. जायला तिथे तिचं कुणी उरलंच नव्हतं. बहिणीच्या माघारी तिने स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर निजावं असं घरात ठरत होतं. खाली चूल, वर मंगळुरी कौलं आणि मधे भागू. म्हणून सासूबाईंचा, कृष्णाबाईंचा, हा हट्ट. हेमलतेने सासूबाईंच्या ओठांना गंगेचं पाणी लावलं आणि म्हणाली, “काढते. शब्द देते तुम्हाला.”

माणूस माळ्यावर गेलं. खिडकी राहिली.

राहिली म्हणजे कुणी नको म्हटलं असंही नाही. आधी सासूबाईंचं वर्ष होतं; वर्षाच्या आत घराला पहार लावायची नाही. मग पावसाळा आला. मग धाकट्या दिराचं, उपेंद्रचं, लग्न ठरलं आणि हेमलतेचे यजमान पद्माकरराव म्हणाले, “पुढच्या गच्चीवर त्याला खोली बांधायचीच आहे. गवंडी आला की एकदमच काढू खिडकी. दोनदा कशाला धुरळा?” ते कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होते. घरातलं बांधकाम त्यांच्याच बोलण्याने चालायचं.

भागुबाई काही म्हणायची नाही. म्हणजे बोलायची पुष्कळ, पण खिडकीबद्दल नाही. उन्हाळ्यात सकाळी शिडीवरून उतरताना पदराने मान पुसत म्हणायची, “रात्रभर इडलीसारखी वाफवले बघ. आता चटणी वाटलीस की झालं.”

हेमलता हसायची, आणि हसू ओठांवर असतानाच आत कुठेतरी टोचायचं.

तिचे नेम पुष्कळ होते. पहाटेची पोथी, तुळशीला पाणी, शुक्रवारचं एकवेळचं जेवण. पण सगळ्यांत जिवाभावाचा नेम संध्याकाळचा. दिवा लावला की घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन एकेक तुळशीचं पान देवाला वाहायचं. हे मुलाबाळांवाल्या घरातलं व्रत. तिला मूल नव्हतं, पण सासूबाईंनी तिला ते दिलं होतं. त्या सांगायच्या, “घरात जो राहतो त्याचं पान. पाहुणा राहिला तर त्याचंही. पान चुकलं की त्या माणसावरचं छप्पर उडालं समज.” म्हणून ती कधी चुकली नव्हती. भागुबाईचं पान ती नेहमी शेवटी वाहायची, सासूबाईंची आठवण काढून.

त्या वर्षी, रामनवमीच्या आसपास, घरबांधणीचे नवे नियम होणार म्हणून चामराजपेटेत गडबड उडाली होती. जुन्या दाट वस्तीत घरावर घर चढत चाललं होतं. कुठे गच्ची झाकून बिऱ्हाड ठेवलेलं, कुठे माळ्याला जिना लावून भाडेकरू. तेव्हा कशाला माळा म्हणायचं आणि कशाला खोली, हे एकदाचं स्वच्छ लिहून काढायचं ठरलं होतं. त्यासाठी नगरपालिकेच्या वतीने भीमाचार्य नावाचे एक गृहस्थ मोजपट्टी घेऊन गल्लीगल्लीतून फिरत होते.

“उद्या आपल्याकडे येतील,” पद्माकरराव संध्याकाळी कॉफी घेताना म्हणाले. “मी कामावर असेन. तुला नीट सांगून ठेवतो. आपली गल्ली अरुंद. अशा गल्लीतल्या घराला वर राहायची एकच खोली मिळणार. माळा जर खोली धरला, तर उपेंद्रची खोली गेली.”

“आणि माळा म्हणून धरला तर?”

“तर काही नाही. सामानाची जागा ती. ती मोजतच नाहीत.”

“पण मावशी राहतात ना हो वर.”

“सामानाजवळ झोपतात, असं म्हण.” मग हेमलतेचं तोंड पाहून ते जरा मऊ झाले. “अगं, नयनाच्या वडिलांना मी शब्द दिलाय, मुलीला स्वतंत्र खोली आहे म्हणून. लग्न ठरवताना त्यांनी तेवढं एकच विचारलं होतं.”

“हे खोटं होईल.”

“खोटं कसलं? व्याख्या आहे ती. आमच्याकडे कारखान्यात रोज चालतं. याला भोक म्हणायचं की खाच, ते आधी ठरवायचं. एकदा ठरलं की ते तेच.”

आतून सांडगे घालता घालता भागुबाईचा आवाज आला, “पद्मा, माझी वळकटी लोणच्याच्या बरण्यांच्या पुढं लावू का मागं?”

पद्माकरराव चपापले. “मावशी, तसं नाही हो.”

“न्हाई, मुरायला कुठं बरं पडंल म्हणून इचारते.”

उपेंद्र फस्सकन हसला. हेमलता मात्र हसली नाही.

भीमाचार्य दुसऱ्या दिवशी सकाळी आले. धारवाडकडचे, कपाळावर गोपीचंदनाच्या मुद्रा, खांद्यावर स्वच्छ उपरणं, बोलणं मराठीच पण कानडी वळणाचं. दारात चपला काढून आधी त्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं, तेव्हाच हेमलतेच्या मनात आलं, या माणसाशी खोटं बोलणं देवळात बोलण्यासारखं आहे.

“अक्का, तरास देतो,” ते म्हणाले. “ह्या अट्टापायी डोकं फिरलंय बघा. आमी अट्ट म्हणतो, तुमी माळा म्हणता, सायेब लोक आणखी काय म्हणतात. पण माळा म्हंजे काय, हे कुणी लिवूनच ठेवलं नाही. तुमच्या शेजारच्या मल्लाप्पाला इचारलं, वर कोण राहतं? तर म्हणतो, उंदीर राहतात, त्यांची खोली धरा!”

“मग आता काय लिहिणार?”

“सोपं लिवतो. जिथं ताठ उभं राहता येत नाही, पक्का जिना नाही, खिडकी नाही आणि कुणी झोपत नाही, तो माळा. ह्यातलं एक जरी असलं, की झाली खोली. आणि एकदा माळा म्हणून लागला, की पुढं तिथं खिडकी काढायची नाही. कारण आज खिडकी, उद्या खाट, परवा भाडेकरू. नाही का?”

हेमलतेने पाण्याचं तांब्याभांडं त्यांच्यापुढे ठेवलं. माळ्यावर भागुबाई सुपारी कातरत होती. अडकित्त्याचा कट् कट् आवाज मघापासून येत होता. तो आता थांबला.

भीमाचार्य स्वयंपाकघराच्या दाराशी आले. शिडीकडे, माळ्याच्या चौकोनी दाराकडे पाहिलं. “उंची घेऊन येऊ का? दोन मिनिटांचं काम.”

वर वळकटी होती. दांडीवर भागुबाईचं सोवळ्याचं लुगडं वाळत होतं. तिची जपाची माळ खुंटीला होती. आणि ती स्वतः होती. हेमलतेला एकदम सुचलं. इतक्या चटकन सुचलं की नंतर तिला त्याचीच भीती वाटली.

“वर सोवळं असतं, आचार्य,” ती म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. पण भीमाचार्यांनी शिडीवर ठेवलेला हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. “अरेरे! आधी सांगायचं ना अक्का. रस्त्यातनं आलेला मी, कशाकशाला शिवलेला. तुमचं सोवळं मोडून मी कुठं पाप घेऊ?” मग जरा थांबून, अगदी विश्वासाने त्यांनी विचारलं, “म्हंजे वर कुणी राहत नाही, असं लिवू?”

वरून फळीचासुद्धा आवाज आला नाही. उन्हाळ्यात भागुबाईला जरा दम लागायचा, घसा खवखवायचा. पण तेवढा वेळ तिने श्वाससुद्धा दाबून धरला होता, हे हेमलतेला खालून कळलं.

“हं,” हेमलता म्हणाली.

“सरी, बरं.” त्यांनी लिहिलं. आदल्या दिवशीचं रामाचं पानक, गुळाचं पाणी, होतं, ते देवाचं म्हणून घेतलं आणि निघताना दारात म्हणाले, “शनिवारी रामाच्या देवळामागच्या छत्रात, म्हंजे धर्मशाळेत, सगळं वाचून दाखवणार आहे. कुणाला काही बदलायचं असलं तर त्याच्या आधी सांगायचं. नंतर मग बदलत नाही. तुमचं घर मी दाखला म्हणून सांगीन अक्का. माळा कसा असावा, तर असा.”

ते शेजारी गेले. मधल्या भिंतीपलीकडून मल्लाप्पाचा आवाज आला, “माझ्या पोत्यांवर चढता, आणि त्यांच्याकडे नाही चढलात?”

“तिथं सोवळं आहे. आणि त्या बाईंचा शब्द पुरे आहे मला.”

हेमलता चुलीपुढे बसून राहिली. भागुबाई शिडीवरून उतरली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्याली, मोठ्यांदा खोकली आणि म्हणाली, “बरं झालं. मी म्हटलं, आता सामानाला खोकला आला तर काय लिवतील?”

“मावशी…”

“वरण खाली लागतंय बघ.”

त्या संध्याकाळी दिव्यापुढे पानं वाहताना पद्माकररावांचं झालं, उपेंद्रचं झालं, स्वतःचं झालं. शेवटचं पान हातात राहिलं. नाव ओठांवर आलं आणि सकाळचा “हं” मधे उभा राहिला. घरात जो राहतो त्याचं पान. सकाळी एका देवमाणसाला वर कुणी राहत नाही म्हणून सांगितलं; मग हे पान कुणाचं? देवाला काय, दोन्ही गोष्टी ऐकू गेल्या होत्या. तिने नाव घेतलं, पण मनातल्या मनात. पान वाहिलं, ते समईच्या तेलात पडलं. ती तिथेच हात जोडून बसली. माफीसुद्धा कुठल्या तोंडाने मागायची ते तिला समजेना.

पद्माकरराव मात्र हलके झाले होते. “फक्त शनिवारपर्यंत शिडी दिवसा परसात ठेव,” ते म्हणाले. “आचार्य गल्लीतच फिरताहेत. शिडी कायम लागलेली दिसली की जिनाच म्हणतील.”

तिने मान डोलावली. एकदा मान डोलावली की दुसऱ्यांदा सोपी जाते.

गुरुवारी दुपारी तिला पुराण ऐकायला जायचं होतं. रामनवमीपासून देवळाच्या मांडवात रोज बसत असे. भागुबाई जेवून वर पडली होती. तिला जरा डोळा लागला होता. हेमलता पदर सारखा करत असताना तिला बाहेर भीमाचार्यांचा आवाज ऐकू आला. ते पलीकडच्या घरी आले होते. तिने शिडी काढली, परसातल्या भिंतीला आडवी ठेवली. मनात म्हणाली, मी आलेच. तोवर आचार्य जातील, आल्या आल्या लावते.

पण मांडवात त्या दिवशी सीतेला अरण्यात सोडून येण्याचा भाग निघाला. बायका डोळे पुसत होत्या. मधेच उठणं बरं दिसेना. मग आरती, मग भिजवलेल्या डाळीची कोसंबरी, मग कुणीतरी हळदीकुंकवाला थांबवलं. हेमलतेच्या जिवाला घोर लागला होता, तरी ती हात पुढे करून प्रसाद घेत राहिली. घराकडे वळली तेव्हा चालता चालता ती जवळजवळ पळत होती.

घर गप्प होतं. स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं. वर चौकोनात काही हालत नव्हतं.

“मावशी!”

तिने शिडी ओढत आणली, लावली, साडी खोचून वर चढली. सासूबाई गेल्यापासून ती दिवसा, भर उन्हात वर कधी गेलीच नव्हती. डोकं चौकोनातून वर काढताच गरम हवा तोंडावर आली, जणू कुणी तव्यावरचं फडकं तोंडावर टाकलं. कौलांच्या सांध्यांतून उन्हाच्या रेघा पडल्या होत्या. भागुबाई अगदी कडेला, जिथे छप्पर खाली येतं तिथे, भिंतीला गाल लावून बसली होती. तिथल्या विटा त्यातल्या त्यात गार असतील. लुगडं घामाने अंगाला चिकटलं होतं, आणि ओठ कोरडे पडले होते.

हेमलतेने तिला धरून, एकेक पायरी करत खाली आणलं. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, पंख्याने वारा घालत राहिली. बऱ्याच वेळाने भागुबाईच्या चेहऱ्यावर रंग आला.

“हाक का नाही मारलीत मावशी? शेजारी मल्लाप्पाची बायको आहे, कुणीही आलं असतं.”

भागुबाईने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता; असता तर बरं झालं असतं.

“वर कुणी राहत न्हाई म्हणून सांगितलंस ना पोरी. मग हाक कोण मारणार? आचार्य बाहेरच बोलत होते. तुझा शब्द खोटा पडला असता.”

हेमलतेने पंखा खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला.

“रडू नगंस,” भागुबाई म्हणाली. “मी काय ते बघून ठेवलंय. उपेंद्राचं लगीन झालं की मी जाते निपाणीला. त्या कस्तुराबाईच्या ओसरीवर पडेन. तिथं वारा तरी आहे. जाऊ न्हवं?”

“नाही,” हेमलता म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. “तुम्ही इथेच राहता. या घरात.”

संध्याकाळी पानं वाहताना तिने पहिलं नाव भागुबाईचं घेतलं, मोठ्याने. पद्माकरराव बाहेर चपला काढत होते, ते तसेच थांबले.

सकाळी तिने त्यांना कॉफी दिली आणि समोर बसली. एरवी ती बसत नसे.

“आपली मधली खोली भाऊजींना देऊ या,” ती म्हणाली. “नयनाला खाली बरं. स्वयंपाकघर जवळ.”

“आणि आपण?”

“पुढच्या सोप्यात. भाऊजी इतकी वर्षं झोपलेच ना तिथे.”

“सोप्यात? येणाराजाणारा पाहील. नव्या नवरीसमोर आपण सोप्यात, आणि मी तिच्या वडिलांना गच्चीवरची खोली म्हणून सांगितलेलं!”

“तुम्ही स्वतंत्र खोली म्हणालात. ती मिळतेय तिला. दाराला कडी आहे.”

पद्माकररावांनी कप खाली ठेवला. “हेमा, एकदा लिहून झालंय. आता तू सांगितलंस की आचार्य काय म्हणतील माहितेय? मला नाही विचारणार ते. तुझ्याच शब्दावर त्यांनी लिहिलंय. मल्लाप्पापासून सगळ्या गल्लीला ते तुझं सोवळं सांगत सुटलेत. तुलाच तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“हो,” ती म्हणाली. “तेच रात्रभर मनात येतंय.”

“मग?”

“काल त्या वर उन्हात बसल्या होत्या. माझ्या शब्दासाठी. मी सोवळं पुढे केलं ना, म्हणून. सासूबाई असत्या तर त्यांनी मला चुलीला शिवू दिलं नसतं.”

पद्माकररावांनी उरलेली कॉफी संपवली. गल्लीतून कनकांबराची, अबोलीची, फुलं विकणारी हाक देत गेली. मग उठताना म्हणाले, “मी तुझ्याबरोबर येत नाही. मला जमायचं नाही ते.” आणि दारापर्यंत जाऊन मागे वळून, जणू कारखान्यातलं काही सांगावं तसं म्हणाले, “खिडकी पूर्वेच्या बाजूला काढायला सांग. पश्चिमेला मल्लाप्पाची भिंत आहे.”

ते गेल्यावर ती माळ्यावर चढली. दांडीवरचं सोवळ्याचं लुगडं काठीने उतरवून, न शिवता, खाली देवघरात नेऊन ठेवलं. जपाची माळ भागुबाईच्या हातात दिली. वळकटी बरण्यांच्या मागून काढून मधोमध अंथरली, उशीसकट, येईल त्याला दिसेल अशी. माळ्याचं चौकोनी दार पूर्ण उघडं टाकलं.

“हे काय चाललंय गं?” भागुबाईने खालून विचारलं.

“मोजायला येतील कुणी. आता वर सोवळं नाही. कुणीही चढलं तरी चालेल.”

भागुबाई शिडीजवळ आली. मग शिडीचा एक पाय हलत होता त्याखाली तिने सुपारीच्या डबीचं जुनं झाकण सरकवलं. “बामण पडायचा न्हाई तर,” ती म्हणाली. आणि नंतर हळू, “खाऊन तरी जा काही.”

“आज शुक्रवार, मावशी. संध्याकाळी जेवेन. तुमचं पान वाढून ठेवलंय.”

शिडी तिने एकदा हलवून पाहिली. घट्ट बसली होती. तिने हातपाय धुतले, कुंकू नीट केलं, देवापुढे क्षणभर उभी राहिली. मागण्यासारखं काही नव्हतं. आचार्य चिडतील, कदाचित तिच्या हातचं पाणीही घेणार नाहीत पुन्हा. ते त्यांच्या जागी बरोबर असेल. काय म्हणायचं ते तिने मनात दोनदा जुळवून पाहिलं आणि सोडून दिलं. म्हणण्यासारखं एकच वाक्य होतं.

पायात चपला सरकवून, दार नुसतं लोटून घेऊन, ती गल्लीतून भीमाचार्यांच्या बिऱ्हाडाच्या दिशेने चालू लागली.